आधी सांगायचं, मग चमचा

आमच्या किनारा खात्यापासून समुद्र शंभर मैलांवर होता, मध्ये सह्याद्री आडवा पडला होता, आणि यात हसण्यासारखं काही आहे असं सरांना शेवटपर्यंत वाटलं नाही.

विद्यापीठानं त्या शाखेला लांबलचक नाव दिलं होतं, 'किनारा संशोधन व प्रसार शाखा'. ती भरायची सांगलीत, आमच्या कॉलेजच्या मागं घोड्यांच्या जुन्या पागेत. गावात तिला सगळे मासळी खातं म्हणत. माणसं तीन: सर, त्यांच्या हाताखाली मी, आणि एक शिपाई, तो वासाला कंटाळून वर्षातून दोनदा नोकरी सोडायचा. शिवाय वर एक प्रमुख होते. ते विद्यापीठाच्या गावी खुर्चीत बसून खातं चालवत. समुद्र त्यांच्या बंगल्यातून दिसायचा, पण त्यांनी त्यात कधी पाय बुडवल्याचं मी ऐकलं नाही.

सरांना जाऊन आता काही महिने झाले. लोक त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, देवमाणूस म्हणतात. मी म्हणत नाही. त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग आहे, आणि मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं या रिवाजासाठी तो मी गिळणार नाही. गिळण्यासारखं बरंच काही त्यांनी मला सात-आठ वर्षांत दिलं होतं.

तर काम असं होतं. लढाई लागली आणि विलायतेहून येणारं माशाचं तेल बंद झालं. मुलांच्या डोळ्यांसाठी डॉक्टर ते देत. तसंच तेल आपल्या किनाऱ्यावरच्या मुशीच्या काळजात, म्हणजे यकृतात, असतं. मुशी म्हणजे शार्कच, आपल्याकडचा. ते तेल कोकणात काढायचं, घाटावर आणायचं, आणि जत, आटपाडीकडच्या कोरड्या गावांत न्यायचं, जिथं पोरं सांज झाली की भिंती चाचपत घरी येतात, हे सगळं सरांच्या डोक्यातून निघालेलं. त्यांचं मोठेपण मी नाकारत नाही. ते डोकं मोठंच होतं.

पागेच्या भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक टांगलेलं असे. वर्गात शिकवता शिकवता ते घड्याळ काढत आणि म्हणत, "आता पाणी चढायला लागलं असेल." मागच्या बाकावरचा कुणीतरी धोतर वर धरायचा. सर रागवत नसत. त्यांना ते दिसतच नसावं. जीवशास्त्राचा प्राध्यापक, पण बेडूक फाडायचा तास आला की तो माझ्यावर टाकून खिडकीतून बाहेर बघत उभे राहत.

कारण होतं. सर सांगलीजवळच्या एका जैन शेतकरी घरातले. पाणी गाळून प्यायचे, दिवस मावळायच्या आत जेवायचे, कांदा-लसूण घरात येत नसे. किनाऱ्यावरसुद्धा हे चुकलं नाही. आईनं दिलेलं पाणी गाळायचं फडकं ते बरोबर घेत. त्या फडक्यातून समुद्राचं पाणी गाळायचं, अडकलेले बारीक जीव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, वहीत चित्र काढायचं, आणि मग गुडघाभर पाण्यात जाऊन ती काच धुवायची, म्हणजे जीव परत त्यांच्या पाण्यात. घरी विहिरीवर आई जे करायची तेच. मी कोरेगावकडचा, आमच्यात रविवारी मटण शिजतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसू आवरेना. पांडू तांडेल म्हणून एक खारवी होता, आमचा मासे देणारा, तो मात्र हसला नाही. सर पाण्यात उतरले की होडी लांब धरून थांबायचा.

आणि हाच माणूस मुशी कापताना समोर उभा राहायचा. बेडकाला पाठ फिरवणारा. पोट फाडेपर्यंत, काळीज निघेपर्यंत डोळे उघडे. मी एकदा म्हणालो, "सर, तुम्ही सावलीत बसा, मी बघतो." तर म्हणाले, "नको. घ्यायचं आहे तर बघायला पाहिजे. नाहीतर चोरी होते."

चोरी हा त्यांचा आवडता शब्द. त्यांच्या मते जगात अर्ध्याहून जास्त गोष्टी चोरीत मोडत.

तेल वाटायची त्यांची एक रीत होती, आणि ती रीतच मी आयुष्यभर विसरणार नाही. गावात गेलं की देवळापुढं नाहीतर चावडीत माणसं जमायची. सर बाटली हातात धरून उभे राहायचे आणि तीन वाक्यं म्हणायचे. "हे समुद्रातल्या मुशी नावाच्या माशाच्या काळजाचं तेल आहे. मासा मारून काढलं आहे. पटत असेल तर घ्या." मग सगळ्यांच्या आधी एक चमचा स्वतः घ्यायचे. चेहऱ्यावर सुरकुती नाही. खिशातली लवंग तोंडात टाकायची आणि मग पोरांची रांग. आधी सांगायचं, मग चमचा, असा आमच्या खात्याचा कायदा होता.

पहिल्या वर्षी तो चमचा ते मोटारीमागं जाऊन ओकून यायचे. मी बघितलं आहे. तोंड धुऊन यायचे आणि पुढच्या गावात पुन्हा घ्यायचे. पुढं सवय झाली असावी.

आपण तो चमचा घेतो हे त्यांनी आईलाही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून म्हातारीनं त्यांचं ताट स्वयंपाकघरातून उचललं आणि सोप्यात मांडलं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. पन्नाशीचा प्राध्यापक सोप्यात एकटा जेवत होता आणि आत आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. परत येताना मी विचारलं, "नसतं सांगितलंत तर काय बिघडलं असतं?"

"मग तिच्या ताटात मी रोज चोरून जेवलो असतो," सर म्हणाले.

तेव्हा हे ऐकून माझा ऊर भरून आला होता. तरणा होतो.

एकदा पोलिसांनी आम्हाला कराडच्या नाक्यावर अडवलं. लढाईचे दिवस, सातारा जिल्हा पेटलेला, पोलीस दिसेल त्या डब्यात बाँब शोधायचे. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्विस मोटार, टपावर आमचे तेलाचे डबे.

"काय हाय यात?" हवालदारानं विचारलं.

सरांनी तीनही वाक्यं म्हटली. तिसरंसुद्धा. हवालदाराला वाटलं हा आपली चेष्टा करतो. त्यानं डबा खाली ओढला, झाकण काढून आत काठी घातली, आणि डबा कलंडला. असा वास सुटला की उतारू खिडक्यांतून उड्या टाकायला लागले. हवालदार नाकाला पटका लावून शिव्या देत मागं सरला. सर मात्र धुळीतल्या त्या डागाकडं बघत होते.

"चार पोरं सांडलीत तुम्ही," ते म्हणाले.

तेलाचं माप ते असंच करायचे. एका बाटलीत एक पोर. प्रत्येक बाटलीवर एका बाजूला ज्यानं मुशी धरली त्या खारव्याचं नाव लिहायचं, दुसऱ्या बाजूला ज्या पोराला द्यायची त्याचं. दोघांना एकमेकांचं नाव कळलं पाहिजे म्हणत. जतमधल्या धनगराच्या पोराला पांडू तांडेलाचं नाव कळून काय करायचंय, हे विचारायची सोय नव्हती.

आता आमचे प्रमुख. खात्याचा बोलबाला झाला तसा त्यांनी हुकूम धाडला. बाटलीवर माशाचा उल्लेख नको, माळकरी, लिंगायत, जैन घरं बिचकतात, आकडे कमी दिसतात. बरोबर छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा, वर लिहिलेलं 'नेत्रसंजीवनी', खाली खुद्द प्रमुखांचं नाव. शिपायानं हौसेनं त्या सगळ्या बाटल्यांना डकवल्या. सरांनी एका रविवारी मला बोलावलं, हातात पातं दिलं, आणि दोघांनी दिवसभर बसून त्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. दुपारी आम्ही भिजवलेले हरभरे खाल्ले. खरवडलेल्या चिठ्ठ्या सरांनी पाकिटात घालून प्रमुखांना परत पाठवल्या, वर एक ओळ: 'आपलं नाव आपल्याकडे पोचतं करत आहे.' त्या दिवसाइतका आनंद मला पुढं नोकरीत कधी झाला नाही. असा माणूस आपला साहेब आहे म्हणून मी सांगलीभर छाती काढून हिंडलो.

वरच्याला खरं सांगताना ज्या हट्टाला मी टाळ्या दिल्या, तोच हट्ट पुढं खालच्या माणसावर आला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की वर सांगायला छाती लागते, खाली सांगायला नुसती जीभ पुरते.

जतच्या पुढं, कानडी मुलखाच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही. त्या साली पाऊस फिरकला नव्हता. शेळ्या बोरीच्या काट्यांना तोंड लावत होत्या. पोरांना पालेभाजी द्या म्हणावं, तर डोळ्याला हिरवं दिसायची मारामार. दूध-तुपाचं नावच नको. गावच्या मास्तरानं आम्हाला एका लिंगायत घरी नेलं. तिथं गंगव्वा नावाची सहा वर्षांची पोर होती. दिवस कलला होता आणि ती दाराची चौकट हातानं शोधत होती. मी तिला उजेडाकडं वळवून डोळे बघितले. पांढऱ्यावर साबणाच्या फेसासारखा ठिपका धरला होता. ह्याच्या पुढची पायरी काय असते ते मी दोन गावांत बघून आलो होतो.

सरांनी तीन वाक्यं म्हटली. पोरीचा आज्जा बाजेवर बसला होता. गळ्यात लिंग, शांत माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, आमच्या घरात अंडं शिवत न्हाई," तो म्हणाला. "तुमी सांगून विचारलं, लय चांगलं केलं. पर न्हाई जमायचं."

"हिचे डोळे जातील," सर म्हणाले.

"शिवाच्या मनात आसंल तर ऱ्हातील."

सरांनी मान हलवली आणि उठले. एवढंच. घासाघीस नाही, विनवणी नाही. मी मागं वळून वळून बघत बाहेर पडलो. बाटली माझ्या पिशवीत होती. सर सकाळीच तिच्यावर पोरीचं नाव लिहून बसले होते.

गावाबाहेर वडाखाली मोटार येते तिथं जायला आम्ही निघालो. सर गावच्या मास्तराशी बोलत मागं राहिले. वडाजवळ पोरीची आई आली. डोक्यावर घागर, म्हणजे पाण्याचं निमित्त करून आली होती. इकडं तिकडं बघून म्हणाली, "दादा, ते द्या."

मी पिशवीत हात घातला.

"काय हाय त्यात ते मला सांगू नका," ती म्हणाली. "मामंजींपुढं बोलला ते मी आत व्हते, ऐकलं न्हाई. तुमी नुसतं द्या. मी भाकरीवर घालीन."

आत म्हणजे कुठं? हातभर अंतरावर, दाराआड. मी तिचं लुगडं बघितलं होतं. तिला सगळं ठाऊक होतं आणि तिनं आपल्यापुरती एक फट शोधली होती. हुशार बाई. मी बाटली काढली, तिनं पदर पसरला, आणि तेवढ्यात सर येऊन उभे राहिले.

मी म्हणालो, "सर, तिनं विचारलं नाही. आपण सांगितलं नाही. संपलं."

"ती विचारत नाही म्हणून आपण सांगायचं नाही, असं होत नाही," सर म्हणाले. आणि तिच्याकडं वळून, अगदी हळू, अगदी मायेनं, त्यांनी ती तीन वाक्यं म्हटली. काळजाचं तेल. मासा मारून काढलेलं. पटत असेल तर.

बाईनं पदर मिटला. ती न सांगण्याची भीक मागत होती आणि ह्यांनी तिच्या पदरात सत्य टाकलं. आता भाकरीवर तेल घालायचं तर जाणून घालायला लागणार, आणि रोज त्याच चुलीपुढं सासऱ्याला वाढायला लागणार. स्वतःचा धर्म मोडताना सरांनी मागंपुढं बघितलं नव्हतं. दुसऱ्याला तो मोडायची एवढीशी आडवाट मात्र त्यांनी उघडी ठेवली नाही. मोटार आली, सर जाऊन तीत बसले. मी बाटली पिशवीत टाकली. बाई तिथंच उभी होती. मी तणतणत सरांच्या मागं गेलो.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. मध्ये गोवर येऊन गेला होता. गंगव्वाची दोन्ही बुबुळं पांढरी झाली होती.

आज्जानं सरांसाठी घोंगडं अंथरलं. कुणाकडून तरी आणवलेलं ताक आतून मागवलं. म्हणाला, "मास्तर, पोरीचं नशीब. पर तुमी आमचा धरम राखला. फशिवलं न्हाई." सरांनी ते ताक दोन्ही हातांनी घेतलं आणि प्यायले. माझ्यापुढं पेला तसाच राहिला. आतून पेला घेऊन आलेली पोरीची आई माझ्याकडं बघत होती आणि मी सरांकडं.

परतीच्या वाटेवर मी सरांना काय बोललो नाही? तुमचं खरं हे तुमच्या अंगावरचं धुतलेलं धोतर आहे म्हणालो. त्याला डाग पडू नये म्हणून तुम्ही पोरीचे डोळे दिलेत. प्रमुखांच्या चिठ्ठ्या खोट्या होत्या, पण निदान तेल पोरांच्या पोटात गेलं असतं. असं बरंच. मोटारीतली माणसं वळून बघायला लागली.

सर सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण मला दुसरं येत नाही."

मला याचाच संताप आला. भांडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या गावात त्यांनी पुन्हा बाटली हातात धरली आणि पुन्हा तीच तीन वाक्यं म्हटली. मी बाजूला उभा राहून दात आवळत होतो. एवढंच बदललं की त्या दिवसापासून चमचा घेतल्यावर ते लवंग खाईनासे झाले. तो वास तोंडात घेऊन गावोगाव बोलत.

लढाई संपली, राज्य बदललं, खातं कसंबसं चालत राहिलं. मग एका पावसाळ्यात सर विषमज्वरानं गेले. शुद्ध हरपेपर्यंत अधूनमधून भरतीची वेळ विचारत होते. सांगलीत शोकसभा झाली. प्रमुख मोटार घेऊन आले, हार घातला, आणि अर्धा तास बोलले. सरांच्या निर्भेळ सत्यामुळं लोकांचा विश्वास बसला, आणि त्या विश्वासावर 'आम्ही' हे कार्य उभं केलं. नेत्रसंजीवनीवाले प्रमुख. लोकांनी टाळ्या दिल्या. मी उठून बाहेर आलो. गंगव्वाचं नाव त्या सभेत कुणाला माहीत नव्हतं, आणि मला वाटलं, एक गोष्ट कुणीतरी जाऊन तिच्या घरी सांगितली पाहिजे. सरांनी जे कधी म्हटलं नाही ते त्यांच्या वतीनं आपण म्हणायचं: चुकलं.

पुढच्या आठवड्यात मी जतची मोटार धरली. खांद्याला तीच जुनी पिशवी, सवयीनं.

आज्जा वारला होता. घरात दुसरं कुणी दिसेना. अंगणात गंगव्वा शेंगा फोडत बसली होती. अकरा-बारा वर्षांची झाली होती. बोटं भराभर चालत होती, दाणे सुपात, टरफलं बाजूला. मी फाटकाशी थांबलो तशी तिनं मान वर केली.

"बाटलीवालं आलं व्हय?"

"कसं ओळखलंस?"

"वास येतुय की. पिशवीचा. अव्वा विहिरीवर गेलीया, बसा."

अव्वा म्हणजे आई. मी बसलो. सर गेल्याचं सांगितलं. ती अगं बाई म्हणाली आणि पुन्हा शेंग उचलली. मग मी वाटभर जुळवून आणलेलं वाक्य काढलं. "मास्तरांनी तेव्हा तुझ्या अव्वाला ते तेल घेऊ दिलं नाही. ते त्यांचं चुकलं. मी तेच सांगायला आलोय."

"अव्वा मास्तरला कायच बोलत न्हाई," गंगव्वा म्हणाली.

"मग?"

"ती म्हणती, मास्तर म्होरं जाऊन मोटारीत बसलं. धाकटं सर मागं व्हतं, आन बाटली त्येंच्याच पिशवीत व्हती. मोटार दिसंनाशी हुईपत्तुर ती वडाखाली हुबी ऱ्हायली. येकडाव तरी वळून बघत्याल म्हणून." तिनं हातातली शेंग फोडली, दाणे चाचपून सुपात टाकले. "ते धाकटं सर तुमीच न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

तिनं सूप माझ्याकडं सरकवलं. "शेंगा खावा," म्हणाली. "अव्वा येईल इतक्यात."

मागच्या खेपेचं ताक मी तसंच ठेवून गेलो होतो. मी मूठभर दाणे घेतले आणि खात बसलो.